कुटुंबासाठी सुरक्षित गाडी निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी बघायला गेल्यावर घरातला प्रत्येक जण आधी चालकाच्या सीटवर बसून बघतो. मागच्या सीटवर मधोमध कोण बसणार, त्याला पट्टा कसला मिळणार, डोक्यामागे टेकायला काही आहे का, हे बहुतेकदा गाडी घरी आल्यावरच कळतं. खालची उत्तरं त्या मागच्या सीटवर बसून लिहिली आहेत. मूल, आजी आणि ठेंगणी व्यक्ती ज्या गाडीत सुरक्षित, त्या गाडीत चालकाची काळजी सहसा घेतलेली असतेच. उलटं मात्र नेहमी खरं नसतं.

धडकेत माणसाला इजा नेमकी कशाने होते?

गाडी थांबते, माणूस थांबत नाही, म्हणून. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली की ती जागच्या जागी थांबते. आतला माणूस मात्र अजून ५० च्याच वेगात असतो. हा वेग किती असतो याचा अंदाज येत नाही, म्हणून दुसऱ्या मापाने सांगतो: साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून, खाली पडल्यावर जमिनीला टेकताना जेवढा वेग असतो तेवढा.

आता हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर सगळं अवलंबून आहे. डोकं डॅशबोर्डवर आपटून ५ सेंटीमीटरमध्ये थांबलं तर त्यावर त्याच्या वजनाच्या जवळपास २०० पट जोर येतो. गाडीचं नाक चुरगळत, पट्टा थोडा सैल होत, एअरबॅग दबत तेच थांबणं ६० सेंटीमीटरवर पसरलं, तर जोर १६ पटींवर उतरतो. पहिल्यात माणूस दगावतो. दुसऱ्यात छातीवर पट्ट्याचा वळ घेऊन तो बहुधा स्वतःच्या पायांनी बाहेर येतो.

म्हणून सुरक्षित गाडीची कामं दोनच. पुढचा भाग चुरगळला पाहिजे आणि माणसं बसतात ती जागा मुळीच चुरगळता कामा नये. हा विचार मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी मांडला आणि १९५९ मध्ये तो विकाऊ गाडीत उतरला. त्याआधी गाडी जितकी कडक तितकी भक्कम, असाच समज होता.

पण दार जड, पत्रा जाड, तीच गाडी मजबूत ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच असावा, म्हणून जरा थांबून सांगतो. बाहेरच्या पत्र्याचं मुख्य काम आकार देणं आणि ऊनपाऊस अडवणं. जीव वाचवतो तो आतला सांगाडा: काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दोन दारांमधला खांब, दारांखालची तुळई, छताची कड. आजच्या चांगल्या गाड्यांत हे भाग बोरॉन मिसळलेल्या, तापवून साच्यात दाबलेल्या पोलादाचे असतात आणि त्यांची ताकद साध्या पत्र्याच्या कितीतरी पट असते. दार आपटल्यावर भरीव आवाज आला म्हणून आत असं पोलाद असेलच असं नाही. तो आवाज दाराच्या रबरावरून आणि आतल्या अस्तरावरूनही येतो.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर धडकवल्या. बेल एअर म्हणजे जाड पत्र्याची, लांबलचक, दणकट दिसणारी गाडी. धडकेत तिचा बसण्याचा कप्पा कोसळला आणि स्टीअरिंग चालकावर आलं. मालिबूचं नाक पार चेपलं, पण कप्पा जवळजवळ जसाच्या तसा राहिला. या चाचणीचं चित्रीकरण घरातल्या 'जुन्या गाड्यांची बातच और' म्हणणाऱ्यांना एकदा दाखवाच.

अपघातानंतर 'बघा, बंपर कसा कागदासारखा चुरगळला' अशी तक्रार ऐकू येते. तो चुरगळायलाच हवा होता. विचारायचं ते हे, की धडकेनंतर दारं हाताने उघडता आली का आणि माणसांचे पाय मोकळे होते का.

छोटी गाडी घ्यावी की मोठी?

इथे भौतिकशास्त्राला दयामाया नाही. १००० किलोची गाडी आणि २००० किलोची गाडी, दोन्ही ५० च्या वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर जड गाडी दोघींना मिळून आपल्याच दिशेने साधारण १७ च्या वेगाने ढकलत नेते. म्हणजे जड गाडीच्या वेगात ३३ चा फरक पडला आणि हलकीच्या वेगात ६७ चा. हलक्या गाडीतल्या माणसांना दुप्पट हिसका.

आयआयएचएसनेच २००९ मध्ये स्मार्ट फोरटू, होंडा फिट आणि टोयोटा यारिस या छोट्या गाड्या त्याच कंपन्यांच्या मध्यम गाड्यांवर धडकवल्या होत्या. भिंतीवरच्या चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्या या छोट्या गाड्यांची या सामन्यात वाईट अवस्था झाली. म्हणून समोरच्या धडकेच्या गुणांची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच करायची. छोट्या गाडीचे पाच स्टार आणि मोठ्या गाडीचे पाच स्टार यांना एकाच तराजूत घालू नका.

पण याचा अर्थ मिळेल ती सगळ्यात अवजड गाडी उचलावी, असाही नाही. झाडावर, खांबावर किंवा कठड्यावर आदळताना तुमचंच वजन तुमच्या अंगावर येतं, आणि तिथे सांगाडा कच्चा असेल तर जडपणाचा काही उपयोग नाही. उंच गाडी उलटण्याची शक्यता जास्त असते. शिवाय रस्त्यावर पायी चालणारा आणि सायकलवरचा माणूसही कुणाच्या तरी घरचा असतो. माझं मत विचाराल तर चांगल्या सांगाड्याची मध्यम वजनाची गाडी घ्यावी. अगदी चिमुकली नको आणि रणगाडाही नको.

पाच स्टार म्हणजे नक्की काय?

क्रॅश टेस्ट करून स्टार देणाऱ्या कार्यक्रमांना एनकॅप म्हणतात. पहिला अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. युरो एनकॅपने १९९७ मध्ये पहिले निकाल जाहीर केले, आणि तिथे पाच स्टार मिळवणारी पहिली गाडी, रेनॉ लगुना, यायला २००१ साल उजाडलं. आज ऑस्ट्रेलिया, जपान, लॅटिन अमेरिका, भारत, चीन अशा अनेक ठिकाणी आपापले एनकॅप आहेत. कायद्यात बसणं ही पायरी गाडी विकण्यापुरती असते. एनकॅपच्या चाचण्या सहसा त्याच्या पुढच्या असतात.

स्टार बघताना सोबतचं साल आधी बघा. फियाट पुंटोला २००५ मध्ये युरो एनकॅपचे पाच स्टार होते. तीच पिढी २०१७ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा शून्य मिळालं. गाडी फार बदलली नव्हती. बारा वर्षांत परीक्षा अवघड झाली होती. दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि या वर्षीचे चार स्टार यांत मी विचार न करता चार निवडेन.

दुसरं, स्टार कोणत्या एनकॅपचे आहेत ते बघा. काही ठिकाणी मोठी माणसं आणि मुलं यांचे वेगवेगळे स्टार देतात, काही ठिकाणी सगळ्याचे मिळून एकच. युरो एनकॅपने २००९ पासून २०२५ पर्यंत मोठ्यांची सुरक्षा, मुलांची सुरक्षा, पादचारी आणि मदतनीस यंत्रणा असे चार विभाग एकत्र करून एकच गुणांकन दिलं आणि प्रत्येक विभागाची टक्केवारी वेगळी छापली. कुटुंबासाठी बघत असाल तर त्या निकालांत मुलांची टक्केवारी आधी वाचा.

अहवालात स्टारपलीकडे काय शोधायचं?

पहिल्यांदा सांगाड्याबद्दलचं वाक्य. ग्लोबल एनकॅपच्या अहवालात बॉडीशेल, म्हणजे हाच सांगाडा, 'स्थिर' की 'अस्थिर' ते स्पष्ट लिहिलेलं असतं. अस्थिर म्हणजे त्या चाचणीतच सांगाड्याची सहनशक्ती संपली. वेग थोडा जास्त असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. सांगाडा अस्थिर असलेली गाडी मी एअरबॅगची संख्या बघून घेणार नाही. एअरबॅगला फुगायला आणि माणसाला थांबायला जागा लागते, आणि ती जागा सांगाडाच राखतो.

मग डमीची, म्हणजे चाचणीत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याची, रंगीत चित्रं बघा. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे वाईट, मधल्या छटा मधल्या. डोकं, मान आणि छाती यांवर नजर ठेवा. मागच्या सीटवर डमी बसवली होती का, तेही बघा. कितीतरी चाचण्यांत मोठ्या माणसाच्या डमी फक्त पुढेच असतात.

तपासलेली गाडी कोणत्या व्हेरिएंटची होती, तिच्यात किती एअरबॅग होत्या, हे अहवालात नोंदलेलं असतं. तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटमध्ये त्या नसतील तर तो निकाल तुमच्या गाडीचा नाही. शेवटी चित्रीकरण. पुढच्या काचेशेजारचा खांब वाकतो का, दार आपोआप उघडतं का, स्टीअरिंग बाजूला सरकून डमीचं डोकं एअरबॅगवरून घसरतं का, हे साध्या डोळ्यांनाही दिसतं.

चाचण्या कोणकोणत्या असतात? सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या का?

समोरची ठरावीक चाचणी म्हणजे ताशी ६४ किमी वेगाने गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवणं. समोरून येणाऱ्या गाडीशी अर्धवट टक्कर होते, तिची ही नक्कल. युरो एनकॅपने २०२० पासून याऐवजी १४०० किलोचा गाडाच ५० च्या वेगाने समोरून सोडायला सुरुवात केली. त्यात तुमची गाडी समोरच्या गाडीचं किती नुकसान करते, तेही मोजलं जातं.

बाजूच्या धडकेला मी जास्त महत्त्व देतो. समोर निदान बॉनेटएवढी जागा असते. बाजूला दार आणि खांदा यांत वीतभरही अंतर नसतं. गाडी बाजूने खांबावर आदळवण्याची चाचणी तर आणखी कठोर, कारण सगळा जोर एका अरुंद पट्टीत, नेमका डोक्याच्या रेषेत येतो. तिथे पडद्यासारखी उलगडणारी कर्टन एअरबॅग नसेल तर डोक्याला वाचवायला दुसरं काही नाही.

आणि एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. आयआयएचएसने २०१२ मध्ये गाडीच्या फक्त २५ टक्के रुंदीवर आदळण्याची चाचणी सुरू केली. पहिल्या फेरीत अकरा आलिशान गाड्यांपैकी तीनच बऱ्यापैकी उत्तीर्ण झाल्या. कंपन्यांनी सुधारणा केल्या. पण पुढे उजवी-डावी दोन्ही बाजूंनी तपासल्यावर कळलं, की काही गाड्यांत चालकाची बाजू मजबूत केली होती आणि शेजारच्या प्रवाशाची तशीच सोडली होती. मग २०१७ पासून प्रवाशाच्या बाजूचेही गुण द्यायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये मागच्या सीटवर ठेंगण्या स्त्रीची किंवा बारा वर्षांच्या मुलाची म्हणता येईल अशी डमी बसवून समोरची जुनी चाचणी नव्याने घेतली, तर छोट्या एसयूव्हींपैकी पंधरांत दोनच गाड्यांना 'चांगली' हा शेरा मिळाला. जिथे मोजमाप होतं तिथेच सुधारणा होते. म्हणूनच मागच्या सीटबद्दल गिऱ्हाइकाने विचारत राहणं गरजेचं आहे.

एकाच नावाची गाडी सगळ्या देशांत सारखीच असते का?

नसते. एअरबॅगची संख्या, सांगाड्यातले सांधे, पोलादाचा दर्जा, सगळं बाजाराप्रमाणे बदलू शकतं. २०१६ मध्ये मेक्सिकोत विकली जाणारी निस्सान त्सुरू आणि त्याच कंपनीची अमेरिकेत विकली जाणारी वर्सा समोरासमोर धडकवली गेली. दोन्ही आपापल्या बाजारातल्या स्वस्त गाड्या होत्या. त्सुरूतली डमी वाचण्यासारखी उरली नाही; वर्सातल्या डमीला गंभीर धोका नव्हता. परदेशातला निकाल वाचून हुरळून जाऊ नका. तुमच्या बाजारातल्या गाडीचाच निकाल शोधा.

सहा एअरबॅग म्हणजे झालं ना?

एअरबॅग पट्ट्याला जोड म्हणून असते, त्याच्याऐवजी नाही. धडक ओळखल्यापासून ती साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पट्टा न लावलेला माणूस तोवर पुढे झेपावलेला असतो आणि फुगत्या पिशवीचा तडाखा त्याला जवळून बसतो.

चालकाची छाती आणि स्टीअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. उंची कमी असलेल्यांना पेडलपर्यंत पोचायला सीट पुढे घ्यावी लागते. अशांनी पाठ थोडी मागे कलती ठेवून हे अंतर साधावं. स्टीअरिंग पुढेमागे सरकवता येतं का, ते गाडी घेण्याआधी बघून ठेवा. शेजारी बसणाऱ्याने डॅशबोर्डवर पाय टाकून झोपणं तर साफ बंद करा. त्या अवस्थेत एअरबॅग उघडली तर मांडी आणि खुबा उरत नाही.

संख्या मोजण्यापेक्षा कर्टन एअरबॅग मागच्या प्रवाशापर्यंत पोचते का, ते विचारा.

मागच्या सीटवर पट्टा खरंच लागतो का? शहरात तर वेग कमीच असतो.

लागतो. २० किलोचं मूल ५० च्या वेगात असताना गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर त्या मुलाला धरून ठेवायला सुमारे २८० किलोचा जोर लावावा लागेल. कुठल्याही आईच्या हातांत तेवढी ताकद नाही, माया कितीही असली तरी. मांडीवर घेतलेलं बाळ हातातून निसटतं किंवा आईच्या अंगाखाली चेपतं. आई आणि बाळ दोघांना एकाच पट्ट्यात बांधणं त्याहून वाईट, कारण मग आईचं सगळं वजन पट्ट्यासकट बाळाच्या पोटावर येतं.

शिवाय मागे पट्टा न लावलेला मोठा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळतो. पुढच्याने पट्टा लावलेला असतो, एअरबॅग उघडलेली असते, आणि तरी मागून आलेल्या वजनाने तो जातो. मागच्याचा पट्टा म्हणजे पुढच्याचाही जीव.

तीन टोकांचा पट्टा व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना मोकळं ठेवलं. तरीही कितीतरी गाड्यांत मागच्या मधल्या सीटला अजून नुसता कमरेचा पट्टा मिळतो. धडकेत माणूस त्यावर दुमडतो आणि पोटातली आतडी व पाठीचा कणा दुखावतो. मागे तिघं बसणार असतील तर तिन्ही जागांना तीन टोकांचे पट्टे असलेलीच गाडी घ्या. धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर आणि नंतर तो बेताने सैल सोडणारा लोड लिमिटर मागच्या सीटलाही आहेत का, हे जरूर विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर माहितीपत्रक मागा.

गरोदरपणातही पट्टा लावायचाच. खालची पट्टी पोटाच्या खालून, खुब्यांच्या हाडांवरून. वरची दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाला वळसा घालून.

मुलांसाठी गाडीत काय काय बघावं?

चाइल्ड सीट घेणार, हे धरूनच गाडी निवडा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कोवळी असते. तोंड पुढे करून बसलेलं बाळ समोरच्या धडकेत खांद्याला अडतं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे करून बसवलं तर डोकं, मान आणि पाठ एकदम सीटच्या पाठीत रुततात आणि जोर वाटला जातो. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांची आसनं बघून ही कल्पना मुलांसाठी आणली. तिथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. संयुक्त राष्ट्रांच्या चाइल्ड सीटसाठीच्या आर-१२९ नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत असं बसवणं सक्तीचं आहे, पण सीटच्या मर्यादेत जितका काळ जमेल तितकं चांगलं.

मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. पुढे बसवण्याची वेळच आली तर ती एअरबॅग बंद करण्याची कळ गाडीत हवी.

आयसोफिक्स म्हणजे सीटच्या फटीत सांगाड्याला जोडलेल्या दोन धातूच्या कड्या. पट्ट्याने सीट बांधताना चुका फार होतात. यात खटकन आवाज आला की काम झालं. कड्या किती जागांवर आहेत, हाताला सहज लागतात का, आणि सीटच्या पाठीमागे वरच्या पट्ट्यासाठी हूक आहे का, ते बघा. मूल आणि सीट मिळून ३३ किलोच्या वर गेलं की आयसोफिक्सवर भिस्त ठेवता येत नाही. तिथून पुढे गाडीचाच पट्टा आणि बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारं आसन.

बूस्टर लवकर सोडू नका. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. मुलाची उंची साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत वरची पट्टी गळ्यावर आणि खालची पोटावर येते. वय नव्हे, उंची बघा.

चाइल्ड सीट घरी असेल तर ती घेऊनच गाडी बघायला जा आणि तिथेच बसवून बघा. दोन मुलं असतील तर दोन्ही सीटा लावून मधे मोठा माणूस मावतो का, तेही.

एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी, आपोआप लागणारे ब्रेक: यातलं आवश्यक काय?

ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टेबिलिटी कंट्रोल. निवडीला एकच यंत्रणा दिली तर मी हीच घेईन. गाडी घसरू लागली, की ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी वळणावर परत आणते. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका नियतकालिकाने समोर अचानक प्राणी आल्यासारखी गाडी वळवण्याची चाचणी घेतली आणि मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. कंपनीने गाड्या परत बोलावून सगळ्यांत ईएससी बसवलं, आणि ही यंत्रणा छोट्या गाड्यांपर्यंत पोचायला तिथून वेग आला. एकट्याच गाडीचे जीवघेणे अपघात ती जवळजवळ निम्म्यावर आणते.

त्यानंतर आपोआप लागणारे ब्रेक, म्हणजे एईबी. पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात त्याने सुमारे निम्मे कमी होतात. लेन सांभाळणाऱ्या यंत्रणा चांगल्या आहेत, पण त्यांच्या पिरपिरीला कंटाळून लोक त्या बंद करतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये स्वतः अनुभवून ठरवा.

तिसरी रांग सुरक्षित असते का?

गाडीगाडीवर आहे. शेवटच्या रांगेतल्या डोक्यापासून मागची काच किती जवळ आहे, ते तिथे बसून बघा. कर्टन एअरबॅग तिथवर येते का, पट्टे तीन टोकांचे आहेत का, डोक्याला आधार आहे का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल तर ती रांग सामानासाठी ठेवा.

हेडरेस्ट म्हणजे डोकं टेकायची उशीच ना?

नव्हे. मागून धडक बसते तेव्हा मान मागे झटकून मोडू नये, यासाठी ती असते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याएवढी वर आणि डोक्याच्या शक्य तितकी जवळ हवी. मागच्या सीटच्या हेडरेस्ट उंच व्यक्तीसाठी पुरेशा वर येतात का, हे ओढून बघा. मानेखाली येऊन थांबत असतील तर त्या अपाय करतात.

इलेक्ट्रिक गाडी धडकेत धोकादायक असते का?

चाचण्यांत इलेक्ट्रिक गाड्याही याच कसोट्यांतून जातात आणि त्यांतल्या बऱ्याच उत्तम ठरल्या आहेत. बॅटरी तळाशी असल्याने उलटण्याचा धोका कमी होतो. मोठ्या धडकेत जास्त दाबाचा विद्युतप्रवाह आपोआप तोडला जातो. मात्र तळाला जोराचा मार बसला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी बॅटरी तपासून घ्या, कारण आग उशिराही लागू शकते.

बंपर गार्ड, सीट कव्हर, डिकीतलं सामान यांनी काही बिघडतं का?

बिघडतं. समोर बसवलेला लोखंडी गार्ड धडकेचा जोर चुरगळणाऱ्या भागाला टाळून थेट सांगाड्यात पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवू शकतो, आणि पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा ठरतो. काढून टाका. सीटच्या कुशीत बाजूची एअरबॅग असेल तर घट्ट शिवलेलं कव्हर ती अडवतं. त्या जागी उसवणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या. डॅशबोर्डवरच्या मूर्ती, अत्तराच्या बाटल्या, मोबाइलचे स्टँड एअरबॅगच्या झाकणावर असतील तर त्या गोळीसारख्या उडतात. जड सामान डिकीत खाली, सीटच्या पाठीला टेकून ठेवा.

जुनी गाडी घेतोय. काय तपासू?

आधी तिच्या त्या वर्षाच्या, त्या व्हेरिएंटचा चाचणीचा निकाल. मग इंजिन सुरू करताना एअरबॅगचा दिवा: चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून टाकला असण्याची शक्यता आहे. सगळे पट्टे पूर्ण बाहेर ओढून बघा. कड विसकटलेली किंवा ताणून चकाकणारी असेल तर ती गाडी मोठ्या धडकेतून गेलेली असू शकते. दारांच्या चौकटीतली रबरं बाजूला करून आतली वेल्डिंग बघा. कारखान्यातले टाके एकसारख्या अंतरावर आणि गोल असतात. हाताने केलेली जोडणी ओबडधोबड दिसते.

गाडीच्या चासी क्रमांकावरून ती कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवली आहे का, हे बघा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधल्या गॅस फुगवणाऱ्या भागाच्या स्फोटात माणसं दगावली आणि कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यातल्या काही अजूनही दुरुस्तीविना फिरत असतात. ही दुरुस्ती कंपनीकडून मोफत होते.

टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि ब्रेक कितीही चांगले असले तरी शेवटी रस्त्याला धरून ठेवतं ते टायरच.

पैसे कमी आहेत. कशावर पाणी सोडावं?

छताच्या काचेवर, मोठ्या पडद्यावर, रुंद मिश्रधातूच्या चाकांवर. नवी पण कच्च्या सांगाड्याची गाडी आणि चार वर्षं वापरलेली पण भक्कम निकालाची गाडी सारख्याच पैशांत मिळत असेल, तर मी दुसरी घेईन. सांगाडा नंतर बदलून मिळत नाही. गाण्यांचा संच केव्हाही बसवता येतो.

धडक झाल्यावर तीच चाइल्ड सीट, तेच पट्टे पुन्हा वापरावेत का?

मोठ्या धडकेनंतर नाही. ज्यांनी माणसाला धरून ठेवलं ते पट्टे आणि प्रीटेन्शनर बदलायचे; चाइल्ड सीट वरून धडधाकट दिसली तरी टाकून द्यायची, कारण तिच्या प्लास्टिकातल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. टाकताना पट्टे कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ती उचलून आपल्या बाळासाठी वापरणार नाही.